जमीन गोठलेली राहिली तरच घर टिकतं

ध्रुवीय प्रदेशातल्या घराबद्दल लोक पहिल्यांदा विचारतात ते हेच, की आत ऊब कशी राखतात. खरं म्हणजे तो सोपा भाग आहे. जाड भिंती, तीन काचांच्या खिडक्या, गरम पाण्याचे रेडिएटर, झालं. अवघड भाग फरशीखाली आहे. आत २१-२२ अंश सेल्सियस तापमान हवं आणि त्याच घराखालची जमीन मात्र बारा महिने गोठलेली हवी. ती वितळली की घर खचतं. तिथे थंडी हाच घराचा पाया आहे आणि त्या पायाला पहिला धोका घरातल्या उबेचा. नळ कुठून येतो, सांडपाणी कुठून जातं, दारासमोरचा बर्फ कुठे ढकलायचा, हे सगळं याच पेचातून ठरतं.

उदाहरणासाठी लाँगयरब्येन घेऊ. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं, ७८ अंश उत्तर अक्षांशावरचं, साधारण अडीच हजार वस्तीचं हे गाव. जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकी उद्योजकाने १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी ते वसवलं. १९१६ मध्ये खाणी नॉर्वेच्या स्टोरे नॉर्स्के कंपनीकडे गेल्या. आज तिथे शाळा, दवाखाना, विद्यापीठ केंद्र, विमानतळ, सुपरमार्केट आहे. उभं वाढणारं झाड एकही नाही. गावातले रस्ते सगळे मिळून चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि त्यातला एकही दुसऱ्या वस्तीला जात नाही. इतक्या उत्तरेला असूनही समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे इथली थंडी त्याच अक्षांशावरच्या इतर जागांपेक्षा सौम्य असते. तरीही मार्च १९८६ मध्ये विमानतळावर उणे ४६.३ अंशांची नोंद झाली आहे.

आता जमीन. जी माती किंवा खडक सलग किमान दोन वर्षं शून्य अंशाखाली राहतो, त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. स्वालबार्डच्या दऱ्यांमध्ये तो साधारण शंभर मीटर जाडीचा आहे, डोंगरांखाली चार-पाचशे मीटरपर्यंत जातो. त्यातला वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. लाँगयरब्येनच्या आसपास हा थर मीटरभर, काही ठिकाणी त्याहून जास्त खोल असतो. खालची गोठलेली माती चांगली टणक असते, पण तिच्या टणकपणाचा बराच भाग कणांमधल्या बर्फाचा. तो बर्फ वितळला की उरतो चिखल, आणि पाणी निघून गेलं की चिखल खाली बसतो. अशा जमिनीवर आपल्याकडच्यासारखं जोतं घालून घर बांधलं, तर ते बर्फाच्या लादीवर ठेवलेल्या तापलेल्या तव्यासारखं होईल. तवा हळूहळू खाली जाणार, आणि तोही एका बाजूने आधी.

म्हणून घर जमिनीला टेकवतच नाहीत. खांबांवर उचलून धरतात आणि खाली मोकळी जागा ठेवतात, तिथून वारा आरपार वाहतो. फरशीतून झिरपणारी ऊब हा वारा उचलून नेतो. हिवाळ्यातली गार हवा जमिनीला थेट भिडते, ती उन्हाळ्यासाठी पुरेशी गार होऊन राहते. आणि उन्हाळ्यात घराची सावली जमिनीवर पडते, तीही उपयोगाची.

खांब रोवण्याची रीत अशी. थंडीचा जोर असतानाच खांबापेक्षा रुंद भोक पाडायचं आणि ते वितळणाऱ्या थराच्या बरंच खाली न्यायचं. त्यात खांब सोडायचा. उरलेल्या पोकळीत ओल्या वाळूचा पातळ राडा ओतायचा. मग थांबायचं. तो राडा भोवतालच्या जमिनीच्या थंडीने गोठतो आणि खांबाला चहूबाजूंनी घट्ट धरतो. घराचं वजन मुख्यतः या पकडीवर तोललं जातं, खांबाच्या टोकावर नव्हे. ती पूर्ण जमायला काही आठवडे लागतात. घाईने आधीच वजन चढवलं तर खांब सरकतो, आणि एकदा सरकलेली पकड पूर्वीसारखी होत नाही.

पकडीची ताकद तापमानावर ठरते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. उणे एक अंशाची जमीनही ‘गोठलेली’ आणि उणे पाच अंशांची जमीनही ‘गोठलेली’च. पण उणे एकला मातीत बरंच पाणी द्रवरूपात शिल्लक असतं, आणि वजनाखाली ती अगदी सावकाश, वर्षानुवर्षं सरकत राहते. जमीन वितळेपर्यंत वाट पाहायचीही गरज नसते, ती नुसती कोमट व्हायला लागली की खांब बसू लागतात. लाँगयरब्येनच्या दरीच्या सखल भागात आणखी एक कटकट आहे. तिथली चिकणमाती कधीकाळी समुद्रतळ होती, त्यामुळे खारट आहे. मीठ असलं की पाणी शून्याच्या खालीच गोठतं, म्हणून त्याच तापमानाला खारट मातीची पकड साध्या मातीपेक्षा कमी भरते.

बिघाड कसे होतात? पहिला, लाकूड कुजणं. जुनी घरं लाकडी खांबांवर आहेत. पर्माफ्रॉस्टमध्ये गाडलेला भाग कित्येक दशकं शाबूत राहतो, कारण तिथे बुरशीला जगता येत नाही. कुजतो तो वितळणाऱ्या थरातला भाग. तिथे ओल असते, हवा असते आणि उन्हाळ्यापुरती ऊबही. हा थर जितका खोल जाईल तितका खांबाचा जास्त भाग कुजायला मोकळा होतो. दुसरा बिघाड म्हणजे खांब वर उचलला जाणं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, पण खरी ताकद त्याहून वेगळी. बारीक कणांची माती गोठताना खालचं पाणी वर ओढून घेते आणि त्याचे बर्फाचे पापुद्रे साचत जातात. फुगणारा वरचा थर खांबाला धरून वर ओढतो. उन्हाळ्यात थर वितळतो, खाली पोकळीत माती घसरते आणि खांब मूळ जागी परत जात नाही. दरवर्षी थोडा थोडा वर. यावर उपाय दोन. खांब इतका खोल न्यायचा की खालची पकड वरच्या ओढीला पुरून उरेल, आणि वरच्या थरातल्या भागाला गुळगुळीत आवरण घालायचं, म्हणजे बर्फाला धरायला काही सापडत नाही.

तिसरा बिघाड माणसं स्वतः करतात, आणि तो सगळ्यात टाळता येण्याजोगा आहे. घराखालची मोकळी जागा दिसली की तिथे सामान ठेवायचा मोह होतो. मग वारा लागतो म्हणून कडेने फळ्या ठोकतात. झालं, जमिनीची थंडी बंद. साठलेला बर्फही हेच करतो. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो गोधडीचं काम करतो आणि हिवाळ्याची गार हवा जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून दारासमोरचा बर्फ घराखाली ढकलायचा नाही. छताचं, नळाचं, गाड्या धुतल्याचं पाणी घरापासून लांब वळवायचं. गळका गरम नळ तर महिनाभरात एका खांबाखालची जमीन मऊ करू शकतो.

घर बसू लागल्याच्या खुणा आधी दारांवर दिसतात. दार चौकटीत अडकतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते, सांडपाण्याच्या नळीचा उतार उलटा होतो. दुरुस्ती करताना जॅक लावून तुळई उचलतात आणि खांबाच्या डोक्यावर पाचर किंवा पोलादी पट्ट्या सरकवतात. कुजलेला खांब असेल तर तेवढा भाग कापून बदलतात. नव्या इमारतींना आता बहुधा पोलादी खांब देतात, आणि शक्य असेल तिथे ते थेट खडकापर्यंत नेतात. विमानाचा हँगर, अग्निशमन केंद्र यांसारख्या इमारतींत जड गाड्या आत येतात, त्यामुळे फरशी उंच उचलता येत नाही. तिथे फरशीखाली जाड उष्णतारोधक थर आणि त्याखाली गार द्रव फिरवणाऱ्या नळ्या घालतात. बाहेर बर्फाळ प्रदेश आणि जमिनीला शीतयंत्र, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ आहे.

अलास्कात बिनवीज यंत्र वापरतात. दोन्ही टोकं बंद असलेली पोलादी नळी, आत कार्बन डायऑक्साइड किंवा अमोनिया. खालचं टोक जमिनीत, वरचं हवेत. हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा गरम असते, म्हणून खालचा द्रव उकळून वायू होतो, वर जातो, वरच्या गारठ्यात उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो आणि खाली ओघळतो. उन्हाळ्यात वरचं टोक गरम असतं, त्यामुळे चक्र आपोआप थांबतं आणि उष्णता खाली उतरत नाही. अलास्काच्या तेलवाहिनीला आधार देणाऱ्या खांबांमध्ये अशा एक लाख वीस हजारांवर नळ्या आहेत.

स्वालबार्डमध्ये १९७१ ते २०१७ या काळात सरासरी तापमान तीन ते पाच अंशांनी वाढलं. २५ जुलै २०२० रोजी विमानतळावर २१.७ अंश नोंदले गेले, तो तिथला विक्रम. पन्नास वर्षांपूर्वी ज्या तापमानाचा हिशेब धरून खांब रोवले, ते तापमान आता तिथे नाही. गावाजवळच्या प्लाटोबर्ग डोंगरात २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक बियाणे भांडाराचं उदाहरण बोलकं आहे. बिया उणे १८ अंशांत आत खोलवर सुरक्षित आहेत, पण २०१६ च्या उबदार, पावसाळी शरद ऋतूत प्रवेश-बोगद्यात पाणी शिरलं आणि तिथे गोठलं. बोगद्याभोवतीची माती पुन्हा गोठून घट्ट होईल असा बांधताना अंदाज होता. ती गोठली नाही. नंतर बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला.

खांबांवरचं घर दिसलं की कारण पर्माफ्रॉस्टच असेल असं मात्र नाही. अंटार्क्टिकातलं भारताचं ‘भारती’ हे २०१२ चं संशोधन केंद्र खडकावर आहे. ते १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधलं आहे आणि तेही खांबांवर उभं आहे. तिथला प्रश्न वाऱ्याने वाहून येणाऱ्या बर्फाचा. इमारत जमिनीला टेकलेली असेल तर वारा अडतो, तिच्या आडोशाला बर्फ साचतो आणि काही वर्षांत ती गाडली जाते. भारताचं पहिलं केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ १९८३-८४ मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपट्ट्यावर उभारलं होतं. ते बर्फाखाली जात राहिलं आणि १९९० मध्ये सोडून द्यावं लागलं. ही केंद्रं चालवणारी संस्था, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, गोव्यात वास्कोला आहे.

आता पाणी. जमिनीत नळ पुरायचे नाहीत, हे वरच्या चर्चेनंतर उघड आहे. पुरले तर नळ गोठेल, नाहीतर नळाची ऊब जमीन वितळवेल. लाँगयरब्येनमध्ये म्हणूनच पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि घरं गरम करणारं पाणी यांच्या नळ्या जाड आवरण घालून जमिनीवरून, लाकडी टेकूंवरून जातात. गावात फिरताना त्या सगळीकडे दिसतात, रस्ता ओलांडताना तेवढ्या झाकल्या जातात. पाणी येतं ते हिवाळ्यात इसडॅमेन या बांध घातलेल्या तलावातून, कारण नद्या तेव्हा वाहत नाहीत. तलावावर बर्फाचा जाड थर असतो आणि त्याखालचं पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असतं.

नळातलं पाणी गोठू नये म्हणून तीन गोष्टी करतात, आणि बहुतेक ठिकाणी तिन्ही एकत्र. पाणी काही अंशांनी आधीच तापवून सोडायचं. ते सतत फिरतं ठेवायचं, म्हणजे घराला एक येणारी आणि एक परत जाणारी नळी द्यायची. आणि नळीला विजेची तापणारी तार गुंडाळायची. गोठतं ते साठून राहिलेलं पाणी. म्हणून धोका मोठ्या वाहिनीला कमी, न वापरलेल्या फाट्याला, बंद खोलीच्या नळाला आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या कोपऱ्याला जास्त. सुट्टीवर जाताना घराची ऊब बंद करायची नाही, नुसती कमी करायची. खूप दिवस घर रिकामं राहणार असेल तर आधी मुख्य झडप बंद करायची, मग सगळे नळ उघडून सखल जागेच्या तोटीतून पाणी काढायचं, फ्लशची टाकी रिकामी करायची आणि सांडपाण्याच्या वळणांत साठलेल्या पाण्यात गोठणरोधक घालायचं. ते वळण विसरलं की चिनी मातीचं भांडं तडकतं.

सांडपाण्याचं दुखणं वेगळं. ते नुसत्या उताराने वाहतं, आणि इथे उतार कायम राहत नाही. आधाराचा एक खांब बसला की नळीला पोट येतं, तिथे पाणी साठतं, तेलकट थर जमतो आणि मग सगळं गोठून बसतं. म्हणून स्वयंपाकाचं तेल मोरीत ओतायचं नाही, ही सूचना तिथे पुणे-मुंबईतल्यापेक्षा फार गांभीर्याने घेतात.

इतका खर्च सगळ्याच वस्त्यांना झेपत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात बहुतेक गावांत पाणी टँकरने येतं. प्रत्येक घरात साधारण हजार-बाराशे लिटरची टाकी उबदार खोलीत असते, आणि सांडपाण्याची टाकी तिच्यापेक्षा मोठी. मोठी असायलाच हवी, नाहीतर पाणी भरून गेल्यावर मैलागाडी यायच्या आत ती तुंबते. अनेक घरांत सांडपाण्याची टाकी भरली की तरंगता खटका पाण्याचा पंपच बंद करतो. वादळात टँकर चार दिवस आला नाही, तर घरात पाणी असूनही मिळत नाही, ते याच कारणाने. अलास्काच्या काही गावांत अजून नळच नाहीत. शौचालय म्हणजे पाच गॅलनची, सुमारे १९ लिटरची बादली, आणि ती उचलून रिकामी करणं हे घरातलं रोजचं काम. ग्रीनलंडच्या लहान वस्त्यांत बादलीऐवजी पिशवी लावतात आणि पालिकेची माणसं ती गोळा करतात. पिण्याचं पाणी गावातल्या पाणीघरातून कॅनमध्ये भरून आणायचं. माणशी पाणी कमी पडलं की हात धुणं कमी होतं, त्वचेचे आणि श्वसनाचे आजार वाढतात. ध्रुवीय गावांतल्या आरोग्याची चर्चा म्हणूनच दवाखान्याइतकीच नळाभोवती फिरते.

वीज आणि ऊब यांचा लाँगयरब्येनमध्ये एकच स्रोत राहिलेला आहे. वीजघरात वीज तयार होताना उरणारी उष्णता पाण्यात घ्यायची आणि ते गरम पाणी गावभर फिरवायचं. घरात वेगळी भट्टी नाही, धूर नाही. कोळशावरचं वीजघर १९ ऑक्टोबर २०२३ रोजी बंद झालं आणि गाव डिझेलवर गेलं. सोबत बॅटरी आणि थोडे सौर पॅनेल आहेत. सौर पॅनेलचा हिवाळ्यात उपयोग शून्य, हे सांगायला नको. गावची शेवटची कोळसा खाण, सात नंबरची, २०२५ च्या जून अखेरीस बंद झाली. पूर्वी इंधन गावातच निघायचं, आता जहाजाने येतं. पर्यावरणाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय आहे. स्वावलंबनाच्या दृष्टीने गाव दुबळं झालं, हेही तितकंच खरं.

मुख्य भूमीशी जोडणारी वीजवाहिनी नाही. त्यामुळे वीज गेली की घड्याळ सुरू होतं. चांगल्या आवरणाचं घर काही तास ऊब धरून राहतं, म्हणून माणसांना लगेच काही होत नाही. आधी थांबतात ते पंप. फिरतं पाणी थांबतं आणि बाहेरच्या नळ्या गोठायला लागतात. म्हणूनच वीज खंडित झाल्यावर पहिलं लक्ष रेडिएटरकडे न देता पाण्याच्या वाहिन्यांकडे देतात. डिझेलही साधं चालत नाही. साध्या डिझेलमधलं मेण कडक थंडीत वेगळं होऊन गाळणी तुंबवतं, म्हणून ध्रुवीय प्रतीचं डिझेल लागतं. गाडीच्या इंजिनाला विजेचा तापक असतो आणि त्याची वायर घराबाहेरच्या प्लगला जोडून ठेवावी लागते.

घराच्या आत प्रश्न उलटा होतो. उणे वीस अंशांच्या हवेत एका घनमीटरला जेमतेम ग्रॅमभर बाष्प मावतं. तीच हवा आत घेऊन २१ अंशांना तापवली की सापेक्ष आर्द्रता पाच टक्क्यांच्या आसपास येते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, लाकडी सामान तडकतं. पण माणसं श्वास घेतात, भात शिजवतात, कपडे वाळत घालतात. हे बाष्प भिंतीत शिरून बाहेरच्या गार थरात पोचलं, तर तिथे बर्फ होतं आणि वसंतात वितळून भिंत आतून ओली करतं. म्हणून भिंतीच्या उबदार बाजूला प्लास्टिकचा सलग पडदा असतो. चित्र टांगायला ठोकलेला प्रत्येक खिळा म्हणजे त्या पडद्याला पडलेलं भोक असतं, आणि विजेच्या खोक्यांभोवती निष्काळजीपणे कापलेली कड तर त्याहून वाईट. खिडक्या उघडून हवा खेळवणं परवडत नाही, त्यामुळे यंत्राने हवा बदलतात. बाहेर जाणारी हवा आपली उष्णता आत येणाऱ्या हवेला देऊन जाते. हे यंत्र गोठून बंद पडलं आणि घरात माणसं जास्त असली की कोपऱ्यांत काळी बुरशी येते. नुनावुत आणि ग्रीनलंडमध्ये घरांचा तुटवडा आहे, एका घरात दोन-तीन कुटुंबं राहतात, आणि तिथली बुरशी ही मुळात गर्दीची खूण असते.

प्रवेशाला दोन दारं आणि मध्ये लहान खोली. एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं. बूट इथेच काढायचे. लाँगयरब्येनमध्ये हॉटेलांत, संग्रहालयातही बूट काढतात. कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून सुरू झालेली ही पद्धत धूळ गेल्यावरही टिकली.

आगीचा धाक मात्र थंडीपेक्षा मोठा. लाकडी घरं, कोरडी हवा, वारा आणि गोठू शकणारे पाण्याचे पाईप, असं हे मिश्रण आहे. विझवताना पाण्याचा प्रवाह मिनिटभर थांबला तरी पाईप आत गोठतो, म्हणून काम नसतानाही तोटी थोडी चालू ठेवतात.

लाँगयरब्येनमध्ये घर कुठे बांधायचं हा प्रश्न २०१५ पर्यंत बराचसा सवयीने सुटला होता. त्या वर्षी १९ डिसेंबरला वादळानंतर सुकरटॉपेन डोंगरावरून हिमकडा कोसळला, अकरा घरं जागची हलली आणि दोन जणांचा जीव गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा हिमलोट आला. जीवितहानी टळली, पण इमारतींचं नुकसान झालं. हे कसं घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. नुसत्या हिमवृष्टीने इतका बर्फ साचत नाही. वारा पठारावरचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या उतारावर ओततो, काही तासांत मीटर-मीटरचा थर जमतो आणि खालच्या जुन्या, भुसभुशीत थरावर त्याची पकड नसते. त्यानंतर उतारावर पोलादी आधार-कुंपणं उभारली, खाली बांध घातले, आणि धोक्याच्या पट्ट्यातली शंभराहून जास्त घरं कायमची हटवली. १९८० च्या दशकात ग्रेटे स्मेडाल यांनी गावाची रंगयोजना केली होती, पोस्टकार्डांवर दिसणारी ती रंगीत टोकदार छपरांची रांग याच बाजूची.

सामानाबद्दल थोडक्यात. लाँगयरब्येनला दूध-भाजी विमानाने येते, जड माल जहाजाने. हे श्रीमंत गावाचं सुख झालं. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर इत्तोक्कोर्तूर्मीत या साडेतीनशे वस्तीच्या गावात समुद्र वर्षातला बहुतेक काळ गोठलेला असतो, उन्हाळ्यात एक-दोन जहाजं येतात, आणि त्यात पीठ, साखर, डायपर, गाडीचे सुटे भाग, सगळं वर्षाचं बसवावं लागतं. यादी करताना चूक होते ती बहुधा लहान वस्तूंत. पंपाचं रबरी वायसर राहून जातं आणि पंप वर्षभर पडून राहतो. बाहेर साठवताना बटाटे गोठून गोडसर आणि लिबलिबीत होतात, काचेच्या बाटल्या फुटतात, पाण्यावर आधारलेला रंग एकदा गोठला की वाया जातो.

इंटरनेट मात्र अनेकांना चकित करतं. २००४ पासून दोन समुद्राखालच्या केबल्स लाँगयरब्येनला नॉर्वेशी जोडतात, आणि वेग मोठ्या शहरांच्या तोडीचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यातली एक नादुरुस्त झाली, दुसरीवर काम चाललं. याच बेटावर वायव्येला असलेल्या न्यू-ओलेसुंड या संशोधनग्रामात उलट परिस्थिती आहे. तिथे संवेदनशील रेडिओ उपकरणांसाठी वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून तिथेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा भारतीय पथक हिवाळ्यातही तिथे गेलं.

लाँगयरब्येनमध्ये हिवाळा म्हणजे अंधार. २६ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली जातो, फेब्रुवारीच्या मध्याला वर येतो. पण गावाभोवती डोंगर असल्यामुळे ऊन प्रत्यक्ष गावात पोचायला ८ मार्च उजाडतो. उठायची वेळ ठरलेली ठेवणं, सकाळी प्रखर दिवा, ड जीवनसत्त्व, हे नेहमीचे उपाय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. झोपेचा त्रास बऱ्याच जणांना अंधारापेक्षा या उजेडात जास्त होतो, म्हणून पडदे काळे, जाड आणि भिंतीला चिकटून बसणारे हवेत.

हे घर जन्मापासून मरणापर्यंतचं नाही, आणि तसं असावं अशी सरकारची इच्छाही नाही. गरोदर बाईला प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर पाठवतात, कारण दवाखाना लहान आहे. वृद्धाश्रम नाही, घरपोच शुश्रूषेची सोय नाही. ‘तिथे मरायला बंदी आहे’ हे मात्र इंटरनेटवरचं पीक. मरण बेकायदा नाही. शवपेटी पुरता येत नाही. परवानगी काढून अस्थिकलश पुरता येतो. कारण तेच, जे खांब वर उचलतं. वितळणाऱ्या थरात पुरलेली पेटी वर्षानुवर्षं वर सरकते. १९१८ च्या फ्लूच्या साथीत मेलेल्या सात तरुणांच्या कबरी १९९८ मध्ये विषाणूच्या शोधासाठी उघडल्या. त्या खोल पर्माफ्रॉस्टमध्ये असतील अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती, पण पेट्या उथळ, वितळणाऱ्या थरात सापडल्या.

तिथे राहायला मात्र व्हिसा लागत नाही. ९ फेब्रुवारी १९२० च्या स्वालबार्ड कराराने बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं आणि करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे राहण्या-कामाचा समान हक्क मिळाला. त्या वेळी ब्रिटिश साम्राज्याच्या सहीत भारतही होता, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करता येते. अट एकच, स्वतःचा खर्च स्वतः भागवता आला पाहिजे. बेकारभत्ता किंवा सरकारी आधार नाही, आणि स्वतःला पोसू न शकणाऱ्याला राज्यपाल परत पाठवू शकतो. खरी अडचण घराची. बरीच घरं सरकारच्या किंवा कंपन्यांच्या मालकीची आहेत आणि नोकरीसोबत मिळतात. नोकरी गेली की घरही जातं. आधी नोकरी, तिच्यासोबत लेखी घर, मग तिकीट, हाच क्रम. विमान ऑस्लो किंवा ट्रोम्सोवरूनच जातं, म्हणून शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, लागतोच, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्याने तो किमान दोन प्रवेशांचा घ्यावा लागतो. एकाच प्रवेशाचा घेतला तर जाताना काही अडत नाही, परत येताना नॉर्वेत शिरता येत नाही.